पोलीस, रस्ता आणि पालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गल्लीतून भरधाव जाणाऱ्या गाड्या, शाळेसमोरचे क्रॉसिंग, रात्री न फिरकणारी गस्त. तक्रारी जगभर सारख्याच असतात. त्यांवर निर्णय घेणारी खाती मात्र वेगवेगळी, त्यांची अंदाजपत्रके वेगळी, आणि त्यांचे एकमेकांशी बोलणेही बहुतेक वेळा बेताचेच. सामुदायिक पोलिसिंग आणि रस्ते सुरक्षेचे निर्णय स्थानिक पातळीवर कसे होतात, कुठे अडतात आणि नागरिकाने नेमका कुठे जोर लावावा, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

पोलीस पालिकेच्या हाताखाली असतात का?

काही देशांत असतात, बऱ्याच देशांत नसतात. हे माहीत नसले की अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन पडतो आणि तिथेच पिवळा होतो.

अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत पोलीस खाते शहराचेच असते. प्रमुखाची नेमणूक महापौर किंवा शहराचा व्यवस्थापक करतो आणि खात्याचा खर्च नगर परिषद मंजूर करते. तिथे नगरसेवकाने गस्तीबद्दल जाब विचारला तर त्याला वजन असते, कारण तिजोरीची किल्ली त्याच्याकडे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ साली बहुतेक पोलीस दलांवर थेट निवडून दिलेले आयुक्त आले. नगर परिषदा त्यांच्याशी चर्चा करू शकतात, हुकूम देऊ शकत नाहीत. जपानमध्ये पोलीस दल प्रांताचे असते आणि त्यावर नागरिकांच्या सार्वजनिक सुरक्षा आयोगाची देखरेख असते. स्वीडनने २०१५ मध्ये आपली प्रादेशिक दले एकत्र करून एकच राष्ट्रीय दल केले. भारतात पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. महापालिकेला पोलीस ठाण्यातल्या बदल्या सोडाच, साध्या गस्तीचा आदेशही देता येत नाही.

रस्त्याच्या मालकीचेही तसेच. तुमच्या दारावरून जाणारा रस्ता पालिकेचा, राज्याचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे आधी शोधा. शहराच्या मधोमध असलेला चौक पालिकेचा नसू शकतो.

मग पालिकेच्या हातात उरते काय?

लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ. पदपथ, दुभाजक, चौकाची आखणी, पार्किंगच्या जागा, दिव्यांचे खांब, बसथांबे, शाळेभोवतीची वाहनबंदी आणि अनेक ठिकाणी सिग्नलच्या वेळाही.

यातल्या कित्येक गोष्टी गुन्ह्यांशीही निगडित आहेत. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने काही वसाहती निवडून तिथे तात्पुरते मोठे दिवे उभे केले. त्या वसाहतींत रात्रीचे, घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. हवालदारांची संख्या वाढवण्याचा हा प्रयोग नव्हता, नुसत्या दिव्यांचा होता. आणि दिवे हे खाते बहुतेक ठिकाणी स्थानिक संस्थेकडेच असते. त्यामुळे ‘पोलीस आमच्या अखत्यारीत नाहीत’ हे नगरसेवकाचे उत्तर खरे असले, तरी पुरेसे नाही.

सामुदायिक पोलिसिंग म्हणजे महिन्यातून एकदा मोहल्ल्याची बैठक?

बैठक हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे, म्हणून तोच सर्वांत जास्त होतो. मूळ कल्पना तीन पायांवर उभी आहे: तोच अधिकारी त्याच भागात बराच काळ राहणे, कोणत्या प्रश्नावर आधी काम करायचे हे रहिवाशांबरोबर ठरवणे, आणि त्या प्रश्नाच्या मुळाशी जाणे.

तिसरा पाय बहुतेक योजनांतून गळतो. अमेरिकी अभ्यासक हर्मन गोल्डस्टाइन यांनी १९७९ मध्ये मांडले की पोलीस एकेक घटना निपटत बसतात. त्या घटना पुन्हा पुन्हा का घडतात हे कोणी पाहत नाही. एकाच दारूच्या गुत्त्यासमोर दर शनिवारी मारामारी होत असेल, तर दर शनिवारी गाडी पाठवणे म्हणजे निपटणे. गुत्त्याची बंद होण्याची वेळ, तिथला अंधार, घरी परतायला नसलेली शेवटची बस हे तपासणे म्हणजे मुळाशी जाणे. आणि ही तिन्ही कारणे पोलिसांच्या हातात नाहीत, हेही लगेच लक्षात येईल. म्हणून पालिका टेबलावर नसलेली सामुदायिक पोलिसिंगची योजना लंगडीच राहते.

जपानमधल्या कोबान नावाच्या चौक्या हे या पद्धतीचे जुने आणि बहुचर्चित उदाहरण. तिथले पोलीस भागातल्या घरांना आणि दुकानांना नेमाने भेटी देतात. केरळने २००८ साली जनमैत्री योजना सुरू केली, तीही बीट अधिकाऱ्याने (ठाण्याच्या हद्दीतला एक ठरावीक भाग, म्हणजे बीट, सांभाळणाऱ्या पोलिसाने) घरोघरी जाण्यावर बेतलेली. शिकागोने १९९३ मध्ये पाच विभागांत प्रयोग करून मग तो शहरभर नेला.

त्याने गुन्हे कमी होतात का?

खात्रीने कमी होतात असे कोणी सांगत असेल तर जरा सावध राहा.

संशोधनाचे चित्र असे आहे. २०१४ मध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की सामुदायिक पोलिसिंगमुळे लोकांचे समाधान आणि पोलिसांविषयीची आस्था वाढते. गुन्ह्यांच्या आकड्यावर आणि भीतीवर परिणाम मात्र फारसा नाही. नंतर २०२१ मध्ये ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांत एकाच धर्तीवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले, आणि ते आणखी निराशाजनक होते. ना विश्वास वाढला, ना गुन्हे घटले.

मला या दुसऱ्या अभ्यासातला सर्वांत उपयोगी भाग वाटतो तो अपयशाची कारणे सांगणारा. वरिष्ठांच्या लेखी ही योजना दुय्यम होती. नेमलेले अधिकारी मध्येच बदलून गेले. लोकांनी सांगितलेल्या प्रश्नांवर काही करायला ना माणसे होती, ना साधने. म्हणजे बैठका झाल्या, ऐकून घेतले गेले आणि पुढे काहीच घडले नाही. विश्वास वाढावा तरी कसा? एकदा ऐकून घेऊन काहीच न करणे हे मुळात न ऐकण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या बैठकीला माणूस येत नाही.

तेव्हा अशा योजनेचा प्रस्ताव आला तर ‘गुन्हे किती टक्के कमी होतील’ हे विचारू नका. ‘हा बीट अधिकारी इथे किती वर्षे राहणार आणि लोकांनी मांडलेल्या प्रश्नाचे लेखी उत्तर किती दिवसांत मिळणार’ हे विचारा.

गस्त वाढवा, ही मागणी बरोबर आहे का?

कुठे वाढवायची हे सांगितल्याशिवाय ती फारशी उपयोगाची नाही.

१९७२-७३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीने १५ बीट निवडून त्यांचे तीन गट केले. एका गटातली गाडीतून फिरण्याची नेहमीची गस्त बंद केली (बोलावल्यावरच पोलीस जायचे), दुसऱ्यात पूर्वीइतकीच ठेवली, तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट केली. गुन्ह्यांत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि रहिवाशांच्या भीतीतही नाही. पुढे न्यूअर्कमध्ये पायी गस्तीचा प्रयोग झाला. तिथेही गुन्हे फारसे हलले नाहीत, पण लोकांना सुरक्षित वाटू लागले. मग २००९ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाने पायी गस्त सगळीकडे न पसरता जिथे हिंसक गुन्हे दाटलेले होते अशा मोजक्या कोपऱ्यांवरच लावली. तिथे हिंसक गुन्हे सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. प्रयोग संपल्यावर तो फायदा टिकला नाही, हेही नोंदवायला हवे.

म्हणून मागणीच्या अर्जात रस्त्याचे नाव, वेळ आणि वार लिहा. ‘आमच्या प्रभागात गस्त वाढवावी’ या वाक्याला ‘कार्यवाही सुरू आहे’ हेच उत्तर येते.

बैठकीला नेहमी तेच चेहरे दिसतात. मग हा लोकांचा आवाज कसा?

नसतोच पुरता. शिकागोच्या बीट बैठकांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. त्यात स्वतःच्या मालकीचे घर असलेले आणि वयाने मोठे लोक जास्त येतात, भाडेकरू आणि तरुण कमी, आणि स्पॅनिश बोलणारे लॅटिनो रहिवासी फारच कमी, असे आढळले. ज्यांच्या बाबतीत पोलिसांना सर्वांत जास्त तक्रारी येतात, ती मुले तर बैठकीत नसतातच. ती नसताना त्यांच्याबद्दल बोलले जाते. ‘कट्ट्यावर बसणारी पोरे हटवा’ हा ठराव अशाच सभेत एकमताने होतो.

यावर रामबाण उपाय कोणालाच सापडलेला नाही. बैठकीची वेळ आणि जागा बदलत राहणे, शाळेच्या फाटकाशी किंवा बसथांब्यावर जाऊन विचारणे, आणि हजेरीपटाचा वस्तीच्या रचनेशी ताळा करून तो जाहीर करणे, एवढे तरी व्हावे.

आम्ही स्वयंसेवक म्हणून मदत करू शकतो का?

हो, पण मर्यादा लिहून घ्या. ब्रिटनमध्ये रहिवाशांचे गट पोलिसांकडून प्रशिक्षण घेऊन रस्त्याच्या कडेला वेग मोजतात आणि गाड्यांचे क्रमांक टिपतात. पोलीस त्या मालकांना समज देणारे पत्र धाडतात. स्वयंसेवक दंड करत नाहीत, गाडी अडवत नाहीत, वाद घालत नाहीत. हीच सीमारेषा महत्त्वाची. शिटी, काठी आणि ओळखपत्र हातात आले की काहींना ते वर्दीसारखे वाटू लागते. मग ‘अनोळखी दिसला’ एवढ्यावर माणसाला हटकले जाते, आणि हटकले कोण जाणार हे बहुधा आधीच ठरलेले असते.

स्वयंसेवकाला इजा झाली तर जबाबदार कोण, विमा आहे का, त्याच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची: या तीन प्रश्नांची उत्तरे योजनेच्या कागदावर नसतील तर त्यात उतरू नका.

चूक चालकाची असते, मग अपघातासाठी पालिकेला का धरायचे?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण रास्त आहे. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘शून्य मृत्यू’ हे उद्दिष्ट स्वीकारले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तरच बदलून टाकले. माणूस चुकणारच, हे त्यांनी गृहीत धरले. चुकीची शिक्षा मरण असू नये, एवढी व्यवस्था रस्ता बांधणाऱ्याने आणि चालवणाऱ्याने करावी, असे ठरवले. जबाबदारी चालकावरून काढून घेतलेली नाही. तिच्यात आखणी करणारा अभियंता आणि त्याला मंजुरी देणारी संस्था यांना वाटेकरी केले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मेली. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे पहिले कारण रस्ते अपघात हेच आहे. मरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीवाले असतात. इतक्या देशांतले इतके लोक दरवर्षी जवळपास त्याच पद्धतीने चुकत असतील, तर दोष नुसत्या स्वभावाचा नाही. भारतातही मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. ठरलेल्या निकषांनुसार रस्ता न बांधल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर बांधणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला आणि सल्लागाराला दंड होऊ शकतो.

वेगमर्यादा ५० वरून ३० केल्याने असा काय फरक पडणार? दोन मिनिटे उशीर, बस्स.

दोन मिनिटांचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. शहरातला वेळ मुख्यतः सिग्नलवर आणि कोंडीत जातो. फरक पडतो तो ब्रेक लावल्यावर.

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाने त्या सेकंदात गाडी सुमारे ८ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर पुढच्या ५ मीटरमध्ये थांबते. एकूण १३ मीटर. ताशी ५० च्या वेगाने नुसत्या त्या पहिल्या सेकंदातच जवळपास १४ मीटर जातात. म्हणजे जिथे पहिली गाडी उभी राहिलेली आहे, तिथे दुसरीने अजून ब्रेकच दाबलेला नाही. समोर एखादे मूल आले असेल, तर ती पूर्ण ५० च्या वेगाने त्याच्यावर आदळते. शिवाय आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५० चा तडाखा ३० च्या जवळपास पावणेतीन पट असतो.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्येच बहुतेक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आणली. स्पेनमधले बिल्बाओ २०२० मध्ये, ब्रुसेल्स आणि पॅरिस २०२१ मध्ये त्या वाटेने गेले. स्पेनने तर २०२१ च्या मे महिन्यात, प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या शहरी रस्त्यांसाठी देशभर ३० चा नियम केला. ऑस्लोत २०१९ साली रस्त्यावर एकच मृत्यू झाला, तोही पादचाऱ्याचा किंवा सायकलस्वाराचा नव्हता. हेलसिंकीत जुलै २०२४ पासून सलग वर्षभर रस्ते अपघातात कोणीही दगावले नाही. तिथल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर मर्यादा ३० आहे.

आमच्याकडे ३० ची पाटी लागली, पण कोणी हळू जात नाही.

जाणारही नाही. चालक पाटी वाचून वेग ठरवत नाही, रस्ता किती मोकळा दिसतो त्यावरून ठरवतो. चार गाड्या शेजारी मावतील एवढा सरळ, गुळगुळीत रस्ता बांधायचा आणि कडेला छोटी पाटी लावायची, हा रस्ताच चालकाला एक सांगतो आणि पाटी दुसरे.

हेलसिंकी आणि ऑस्लोचे आकडे सांगताना हा भाग गाळला जातो. तिथे मार्गिका अरुंद केल्या, क्रॉसिंग उंच केले, वळणांच्या त्रिज्या लहान केल्या, सायकलींना वेगळी जागा दिली, ऑस्लोच्या मध्यभागातून पार्किंग हटवले. पाटी हा त्या सगळ्याचा शेवटचा तुकडा होता.

स्वस्तातले उपायही आहेत. चौकाच्या कोपऱ्यावर रंग आणि खुंट्या लावून वळण घट्ट करणे, कोपऱ्यापासून काही मीटर पार्किंग बंद करून पादचारी आणि चालक यांना एकमेक दिसतील असे करणे, रुंद रस्त्याच्या मधोमध थांबायला बेट देणे. हे आधी तात्पुरते करून, मोजून, मग पक्के बांधता येते. प्रस्तावात ‘प्रायोगिक तत्त्वावर’ हे शब्द असले की विरोधही निवळतो, असा बऱ्याच शहरांचा अनुभव आहे. स्टॉकहोमने शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर कर बसवताना २००६ मध्ये आधी काही महिने चाचणी घेतली, मग मतदान. चाचणीपूर्वी बहुसंख्य लोक विरोधात होते. मतदानात कौल बाजूने लागला.

मग सरळ गतिरोधकच द्या ना?

नगरसेवकांकडे सर्वांत जास्त येणारी मागणी बहुधा हीच, आणि सर्वांत वाईट अंमलबजावणीही हिचीच. ठरलेल्या मापाचा, आधी सूचना देणारा, रंगवलेला आणि ठरावीक अंतराने पुन्हा येणारा गतिरोधक काम करतो. एका रात्रीत उठलेला, रंग नसलेला डांबराचा उंचवटा दुचाकीवाल्याचा जीव घेऊ शकतो. शिवाय रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाड्यांचा वेळ वाढतो; म्हणून मुख्य मार्गांवर उंचवट्याचे असे तुकडे वापरतात की चाकांमधले अंतर जास्त असलेल्या या गाड्यांची चाके त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. आणि एकच गतिरोधक असेल तर चालक तो ओलांडला की दुप्पट जोराने ॲक्सिलरेटर दाबतो. उंच केलेले क्रॉसिंग अनेकदा अधिक चांगले, कारण ते गाडीही हळू करते आणि पादचाऱ्यालाही वाट देते.

वेगाचे कॅमेरे म्हणजे पैसे उकळायचा धंदा नाही का?

होऊ शकतो. शिकागोत लाल दिव्याच्या कॅमेऱ्यांच्या कंत्राटात लाच खाल्ल्याबद्दल शहराचाच एक माजी अधिकारी दोषी ठरला. ठेकेदाराला दर चलनामागे वाटा मिळत असेल, तर जास्त चलने होतील अशी जागा त्याला आवडणार. जास्त जीव वाचतील अशी नव्हे.

पण कॅमेरा वाईट नाही, करार वाईट असतो. ठेकेदाराला ठरावीक रक्कम, कॅमेऱ्याची जागा अपघातांच्या नोंदींवरून, आधी पाटी, दंडाचे पैसे रस्ते सुरक्षेच्याच लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातल्या सदराखाली) आणि टिपलेले क्रमांक ठरलेल्या मुदतीनंतर पुसून टाकणे, एवढे करारात असले तर आक्षेपाला फारशी जागा उरत नाही. चांगल्या कॅमेऱ्याचे उत्पन्न दरवर्षी घटत जाते. अंदाजपत्रकात ते वाढते दाखवले असेल तर तिथे बोट ठेवा.

आणखी एक अडचण अधिकाराची. न्यूयॉर्क शहराला शाळांजवळ वेगाचे कॅमेरे लावायला राज्याच्या विधिमंडळाची परवानगी लागली. ती २०१३ मध्ये मिळाली, आणि ते चोवीस तास चालू ठेवण्याची मुभा थेट २०२२ मध्ये.

पोलीस किरकोळ कारणासाठी गाड्या थांबवतात. यावर स्थानिक संस्था काही करू शकते का?

जिथे पोलीस शहराचे आहेत, तिथे करू शकते. फिलाडेल्फियाच्या नगर परिषदेने २०२१ मध्ये कायदा केला की एक दिवा बंद, बंपर सैल अशा किरकोळ बाबींसाठी, नुसत्या तेवढ्याच कारणाने, गाडी थांबवायची नाही. चलन नंतर पाठवता येते. हा कायदा मार्च २०२२ पासून लागू झाला. कारण असे की या थांबवण्यांत कृष्णवर्णीय चालकांचे प्रमाण फार मोठे होते आणि त्यातून सुरक्षा वाढल्याचे दिसत नव्हते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात काही ठिकाणी फुटक्या दिव्यासाठी दंडाऐवजी दिवा बदलून घेण्याचे कूपन देतात. माझ्या मते या दोन्ही विषयांचा सांधा इथेच आहे: रस्त्यावर पोलिसाशी होणारी भेट बहुतेक लोकांच्या वाट्याला वाहतुकीच्या निमित्तानेच येते. तिथे तो कसा वागला यावरून मोहल्ला बैठकीला जायचे की नाही हे ठरते.

‘उपायानंतर अपघात निम्म्यावर आले’ असे जाहीर झाले. खरे मानावे का?

लगेच नको. समजा शहरात शंभर चौक आहेत आणि प्रत्येकात वर्षाला सरासरी दोन अपघात होतात. नशिबाच्या फेऱ्याने एखाद्या वर्षी काही चौकांत सहा होतील, काहींत एकही नाही. पालिका सहावाले चौक निवडून तिथे काम करते. पुढच्या वर्षी तिथला आकडा दोनाच्या आसपास येणारच. चौकात नुसते रंगीत फुगे बांधले असते तरी आला असता. मग फुग्यांचा सत्कार होतो.

यातून वाचण्याचा मार्ग अवघड नाही. निवड एका वर्षाच्या आकड्यावर नको, किमान तीन ते पाच वर्षांच्या नोंदी पाहा. तसेच काही चौक मुद्दाम काम न करता तुलनेसाठी ठेवा. शेजारच्या रस्त्यांवरही मोजा. कारण एक गल्ली शांत झाली की गाड्या दुसरीत घुसतात आणि अपघातही त्यांच्याबरोबर जातात. मृत्यूंचा आकडा एका चौकापुरता इतका लहान असतो की त्यावरून काहीच सांगता येत नाही, म्हणून गाड्यांचा वेग उपायाआधी आणि नंतर मोजा. वेगाचे उत्तर आठवड्याभरात मिळते, आणि सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची जोखीम सुमारे ४ टक्क्यांनी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे वेग हा भरवशाचा पर्यायी निकष आहे.

अपघातांची आकडेवारी कुठून मिळवायची?

पोलिसांच्या नोंदीतून, पण तेवढ्यावर थांबू नका. किरकोळ जखमी, एकट्याने पडलेला सायकलस्वार, आपसात मिटवलेली धडक या गोष्टी पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. रुग्णालयाच्या आणि रुग्णवाहिकेच्या नोंदी शेजारी ठेवल्या की नकाशा बदलतो.

रस्ते सुरक्षा सप्ताहाचा उपयोग होतो का?

फलक छापणाऱ्यांना होतो. अंमलबजावणीची जोड नसलेल्या नुसत्या जनजागृतीचा परिणाम फार थोडा असतो. कोलंबियाची राजधानी बोगोटाचे महापौर अंतानास मोकुस यांनी नव्वदच्या दशकात चौकाचौकांत मूकनाट्य करणारे कलाकार उभे करून नियम मोडणाऱ्यांची नक्कल करवली, ते गाजले आणि लोकांना आवडलेही. पण त्यांनी तेवढेच केले नव्हते. वाहतूक पोलिसांच्या भ्रष्ट यंत्रणेलाही हात घातला होता.

पार्किंग काढले तर दुकाने बसतील, असे व्यापारी म्हणतात.

त्यांची भीती खोटी नसते, अंदाज चुकीचा असतो. ग्राझ आणि इंग्लंडमधले ब्रिस्टल इथल्या पाहण्यांत दुकानदारांनी गाडीने येणाऱ्या गिऱ्हाइकांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त सांगितले होते. दोन दिवस दुकानांच्या दारात उभे राहून मोजा आणि ते आकडे व्यापाऱ्यांसमोरच ठेवा. माल उतरवायची वेळ आणि जागा मात्र त्यांना द्यावीच लागेल. त्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत.

ठराव मंजूर झाला. आता काम होईल ना?

ठराव वाचून सांगता येईल. त्यात चार गोष्टी शोधा. कोणत्या लेखाशीर्षातून किती रक्कम? कोणत्या पदावरचा अधिकारी जबाबदार? कोणत्या तारखेपर्यंत? आणि काम झाले हे कशावरून ठरवणार? ‘संबंधित विभागाने योग्य ती कार्यवाही करावी’ असे वाक्य असेल तर यातले एकही उत्तर तिथे नाही. ‘समिती नेमण्यात यावी’ असेल तर समितीचा अहवाल कधी यायचा हे पाहा; तारीख नसलेली समिती म्हणजे सभ्य भाषेतला नकार.

रक्कम आहे पण ती फक्त यंत्रसामग्रीसाठी आहे, असेही पुष्कळदा दिसते. कॅमेरे घेतले, पण ते चालवायला माणूस नाही. बीट अधिकाऱ्याला दुचाकी दिली, इंधनाची तरतूद नाही. खरेदीचा फोटो निघतो, देखभालीचा निघत नाही.

सभेत बोलायला दोन-तीन मिनिटे मिळतात. काय बोलावे?

एक जागा, एक मागणी, एक आकडा. विषयपत्रिका आधी मिळवा, कारण तुमचा विषय चर्चेशिवाय एकत्रित मंजूर होणाऱ्या यादीत किंवा आयत्या वेळच्या विषयांत सरकवलेला असू शकतो. मोबाइलवर टिपलेला अर्ध्या तासाचा व्हिडिओ दाखवायला वेळ मिळणार नाही. त्यातून ‘संध्याकाळी पाच ते साडेपाच, एवढी मुले, त्यांतल्या एवढ्यांना रस्त्याच्या मधोमध थांबावे लागले’ एवढी ओळ काढा. आणि लेखी निवेदनाची पोच घ्या. तोंडी बोललेले इतिवृत्तात येईलच असे नाही.

खरे तर अंदाजपत्रक मंजूर होण्याच्या दोन-तीन महिने आधी अभियंत्याला भेटलात तर सभेत बोलायची वेळच येणार नाही. निर्णयाची माती तेव्हा ओली असते.

झालेला निर्णय मागे घेतला जाऊ शकतो का?

जातो, आणि दर वेळी ते वाईटच असते असेही नाही. वेल्सने १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा सरसकट लावली. विरोधातल्या अर्जावर जवळपास ४ लाख ७० हजार सह्या झाल्या. वेल्सच्या लोकसंख्येच्या मानाने हा आकडा प्रचंड आहे. सरकारने मर्यादा रद्द केली नाही. २०२४ मध्ये नवे निकष काढून कोणते रस्ते पुन्हा ३० मैलांवर न्यायचे हे स्थानिक परिषदांवर सोपवले. मग काही मुख्य रस्ते परत गेले, वस्तीतल्या बहुतेक गल्ल्या २० वरच राहिल्या.

असा प्रसंग तुमच्याकडे आला तर फेरविचाराला विरोध करण्यात शक्ती घालवू नका. कोणत्या रस्त्यासाठी कोणता निकष लावला, हे रस्तानिहाय यादीसकट जाहीर करायला लावा. हरकती व सूचनांची मुदत सुरू होण्याआधी आधीचे आणि नंतरचे वेग हाताशी असतील, तर सह्यांच्या गठ्ठ्यासमोर ठेवायला तुमच्याकडे काहीतरी असेल.